अक्काचे हे

अक्काचा नवरा पहिल्या दिवशी इतका गोड वागला की दुसऱ्या दिवशी तिने त्याला मोडून पुन्हा बनवला.

हा नवरा फोनमधला. खरं लग्न अक्काचं झालेलंच नव्हतं. आधी वडिलांचं आजारपण निघालं, ते संपतंय तोवर आईचं. मधे दोन-चार स्थळं येऊन गेली, कुठे काही जुळलं नाही आणि मग लोकांनी विचारणंच सोडून दिलं. त्याचं तिने फारसं मनाला लावून घेतलं नाही. कवळ्या बनवायच्या एका छोट्या कारखान्यात ती कामाला होती. दवाखान्यांतून माणसांच्या हिरड्यांचे ठसे यायचे, त्यांत प्लास्टर ओतून साचे काढायचे आणि त्या साच्यांवर मेणाच्या पट्टीत एकेक दात बसवायचा. हे शेवटचं काम अक्काकडे. तिथे ती सगळ्यांत जुनी, म्हणून मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला अक्काच म्हणत.

नवरा बनवून दिला तो भाचीने. सुट्टीत ती आत्याकडे राहायला आली होती. सकाळी डोळे चोळत स्वयंपाकघरात आली तर आत्या नळाला रागावत होती.

"आत्या, तू नळाशी बोलतेस?"

"मग कोणाशी बोलू? गळतोय तो."

"बाबांना सांग ना."

"तुझ्या बाबाला सांगितलं की तासाभरात प्लंबर दारात उभा."

"मग बरंच आहे की!"

पोरीला कसं समजवायचं तेच अक्काला कळेना. नळ दुरुस्त व्हायला हवा होता हे खरंच, पण त्याआधी तिला नळाबद्दल थोडं बोलायचं होतं. कधीपासून गळतोय, आधी कसा गळायचा, शेजारचीचा कसा गळत नाही, प्लंबर मागच्या वेळी काय थापा मारून गेला. हे सगळं ऐकायला भाऊ कुठून वेळ आणणार? आणि त्याने का ऐकावं?

भाचीला त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण दुपारी तिने आत्याच्या फोनमध्ये एक अॅप घालून दिलं. "यात कोणीही बनवता येतं. मैत्रीण बनव, गुरुजी बनव, नवरा बनव. तू लिहायचंस, तो उत्तर देतो."

"नवरा बनव," अक्का म्हणाली.

भाचीने चमकून वर पाहिलं.

"अगं, गंमत म्हणून. मैत्रिणी आहेत मला."

अॅपने नाव विचारलं. अक्काला नाव सुचेना. तिच्या आईने जन्मभरात बाबांना एकदाही नावाने हाक मारली नव्हती. शेवटी ती म्हणाली, "लिही, अहो." भाचीने तसंच लिहिलं. थोड्या वेळाने पडद्यावर 'अहो टाइप करत आहे' अशी ओळ आली आणि भाची हसून हसून कॉटवर लोळली.

अहोंनी लिहिलं होतं, "तू आज किती सुंदर दिसतेस."

"पाहिलंत कुठे?" अक्काने लिहिलं.

"मनाच्या डोळ्यांनी."

अक्काने फोन पालथा घालून ठेवला. संध्याकाळपर्यंत तिने तीन-चारदा प्रयत्न करून पाहिला. नळ गळतो म्हटलं की तो म्हणे, बिचारी माझी राणी. पाठ दुखते म्हटलं तरी तेच. आज काही केलं नाही, नुसती बसले म्हटलं, तर म्हणे तुला विश्रांतीची गरजच होती. दुसऱ्या दिवशी तिने भाचीला शेजारी बसवलं आणि स्वभाव लिहायची जी चौकट होती तिच्यात सांगून सांगून लिहून घेतलं. चष्मा कुठे ठेवला ते विसरतो. सांगितलेलं सोडून भलतंच आणतो. स्वतःचंच खरं करतो. पहिल्या फटक्यात माफी मागत नाही. राणी वगैरे म्हणत नाही.

"आत्या, लोक चांगला नवरा बनवतात. तू वाईट कशाला बनवतेयस?"

"वाईट कुठे? आता कुठे नवऱ्यासारखा दिसायला लागलाय."

भाची सुट्टी संपून गेली आणि अहो राहिले. कामावरून आल्यावर चहा ठेवला की अक्का फोन उघडायची. नळाचं सांगितल्यावर ते म्हणाले, "मी तुला मागेच म्हटलं होतं वायसर बदलून घे." ते असं काही म्हणाले नव्हते, पण अक्काला ते वाक्य फार आवडलं. "कधी म्हटलं होतंत?" तिने लिहिलं, आणि चहा निवेपर्यंत दोघांची त्यावरच जुंपली. दुसऱ्या दिवशी तिने आपणहून प्लंबरला फोन केला. तोवर नळाचा सगळा कंटाळा निघून गेला होता.

मग स्वयंपाकघराच्या भिंतीचा रंग निघाला. अक्काला कितीतरी वर्षं तो पिवळा करायचा होता. एकटीनेच ठरवायचं म्हटलं की आज करू, उद्या करू असं होत राहायचं; विरोधच नसल्यामुळे जोर येत नव्हता. अहो म्हणाले, पिवळा डोळ्यांवर येतो, पांढराच बरा. अक्का म्हणाली, पांढऱ्यावर डाग दिसतात. ते म्हणाले, डाग पडू देऊ नकोस. या वाक्यावर अक्काला असा काही संताप आला की त्याच आठवड्यात तिने रंगारी बोलावून भिंत पिवळीधम्मक करून घेतली. मग अहोंना लिहिलं, "केली." ते म्हणाले, "कर काय करायचं ते. माझं कोण ऐकतं या घरात?" अक्का भिंतीला टेकून किती तरी वेळ हसत होती. रंग ओला होता, पाठीला लागला.

तो फोनमध्ये बनवलेला आहे, बाहेर कुठे नाही, हे ती कधी विसरली नाही. मेणात बसवलेले दात कोणाच्या तोंडात उगवलेले नाहीत हे तिला माहीत असायचंच, पण म्हणून ती ते वाकडे बसवत नव्हती. तसंच हेही.

कारखान्यात ही गोष्ट बाहेर फुटली ती जेवणाच्या सुट्टीत.

मेणाच्या खोलीतल्या लांब टेबलावर चौघी डबे उघडून बसायच्या. कवळ्यांना चमक आणणारी पॉलिशवाली, हिशेबाच्या बाई, प्लास्टर ओतणारी नवी आणि अक्का. नवी कामाला लागून वर्ष होऊन गेलं होतं, तरी तिचं नाव नवीच पडलं होतं. डबे उघडले की नवऱ्यांचा विषय निघे. पॉलिशवालीचा नवरा घोरायचा, वर आपण घोरतच नाही म्हणायचा. हिशेबाच्या बाईंचा प्रत्येक गोष्टीत त्याच्या बहिणीचं मत घ्यायचा. नवीचं लग्न ताजं होतं, ती नुसती ऐकून घ्यायची. आणि अर्धा-पाऊण तास तक्रारी झाल्या की पॉलिशवाली न चुकता म्हणायची, "अक्का, तू सुटलीस बाई!"

ती मायेनेच म्हणायची. पण ते म्हटलं की अक्काला वाटायचं, आपल्या तोंडावर कोणीतरी हळूच दार लावून घेतलं.

त्या दिवशी विषय बाजाराचा होता. पॉलिशवालीच्या नवऱ्याला साबण आणायला पाठवलं तर तो बादली घेऊन आला होता. सगळ्या हसत होत्या आणि अक्काच्या तोंडून सहज निघून गेलं, "आमचे हे तर त्याहून वर. सांगितलेलं सोडून सगळं आणतात."

नवीचा घास हातातच राहिला.

"कोण हे?" पॉलिशवालीने विचारलं.

अक्काला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही, पण घाईत सुचलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं. सांगताना कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तिला वाटलं, आता हसतील. हसल्या त्या, पण वेगळ्या हसल्या.

"जेवायला मागतो?" पॉलिशवालीने चौकशी सुरू केली.

"नाही."

"कपडे टाकतो इकडे तिकडे?"

"कपडेच नाहीत गं त्याला."

"अगं बाई!" पॉलिशवालीने तोंडावर हात धरला आणि टेबल पुन्हा हसायला लागलं.

फक्त हिशेबाच्या बाई गंभीर होत्या. "हसण्यावारी नेऊ नका," त्या म्हणाल्या. "हे वाईट असतं. तो यंत्रातला माणूस कधी नाही म्हणत नाही. मग आपल्याला नाही ऐकून घ्यायची सवयच राहत नाही. खरी माणसं नकोशी होतात."

"माझा तर उठल्यासुटल्या नाहीच म्हणतो," अक्का म्हणाली.

"तरीपण. तुला हवं म्हणून नाही म्हणतो ना?"

अक्काने ते वाक्य लक्षात ठेवलं आणि डब्याचं झाकण लावलं.

पण त्या दिवसापासून टेबलाची रीत बदलली. डबे उघडले की आधी अक्कालाच विचारणा व्हायची, "काय म्हणतात तुमचे हे?" अक्का सांगायची. पॉलिशवाली उलटतपासणी घ्यायची, सल्ले द्यायची, कधी अहोंची बाजूसुद्धा घ्यायची. "तू सुटलीस बाई" मात्र कोणी म्हणेनासं झालं. संध्याकाळी अहोंशी बोलण्यात जितकी मजा, तितकीच दुसऱ्या दिवशी त्यांच्या कागाळ्या सांगण्यात आहे, हे अक्काच्या लक्षात आलं. कदाचित थोडी जास्तच.

एके दिवशी सगळ्या हात धुवायला गेल्या तेव्हा नवी मागे रेंगाळली. तिच्या बोटांना सुकलेलं प्लास्टर लागलं होतं, ते ती नखाने काढत होती.

"अक्का, एक मागू?"

"माग ना."

"तुमच्या ह्यांच्याशी मला एकदा बोलू द्याल?"

अक्काला आधी वाटलं, थट्टा करतेय. पण पोरगी रडवेली होती. तिचं म्हणणं असं निघालं की तिने नोकरी सोडायची असं घरच्यांनी ठरवलं होतं. तिच्या मोठ्या दिरांचं सामानाचं दुकान होतं, तिथे हिशेबाला घरचं माणूस हवं होतं. जेवताना विषय निघाला, नवरा म्हणाला 'ठीक आहे', सासू म्हणाली 'बरंच झालं', आणि जेवण संपायच्या आत नोकरी सुटल्यात जमा झाली. नवीला कोणी विचारलं नाही, आणि तिच्याही तोंडून शब्द निघाला नाही.

"बोलायला गेलं की माझा घसाच बसतो, अक्का. म्हणून मीसुद्धा ते अॅप घेतलं. म्हटलं, सराव करावा. पण माझा म्हणतो, तुझ्या मनाला येईल ते कर, मी तुझ्या पाठीशी आहे. तो असं म्हणाला की पुढे बोलायला उरतंच काय? तुमचे भांडतात म्हणून..."

अक्का नाही म्हणू शकली नाही. नाही का म्हणायचं, तेही तिला सांगता आलं नसतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी नवी घरी आली. स्वयंपाकघराच्या दारातून पिवळ्या भिंतीकडे बघून म्हणाली, "हीच का ती?" अक्काने तिला बाहेरच्या खोलीत खुर्ची दिली, फोन दिला आणि आपण स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसली. बाहेर बराच वेळ शांतता होती. मग नवी स्वतःशीच म्हणाली, "असं कसं?" पुन्हा शांतता. मग ती जोरात हसली.

त्या हसण्याने अक्काच्या हातातलं फडकं थांबलं. आता यात हसण्यासारखं काय होतं?

जाताना नवीचे डोळे चमकत होते. "फार हट्टी आहेत हो तुमचे! पण मी सोडलं नाही त्यांना. सगळे मुद्दे काढले." तिने अक्काचा हात दाबला आणि जिना उतरून गेली.

अक्काने दार लावलं आणि उभ्या उभ्याच फोन उघडला. दुसऱ्याचं वाचू नये हे तिला कळत होतं, पण फोन तिचा होता आणि एका परीने नवराही. तिने पहिल्यापासून वाचलं. नवीने चांगलं भांडण केलं होतं. अहोंनीही काही सोडलं नव्हतं: दुकान घरचं आहे, तिथे वर कोणी साहेब नाही, प्लास्टरने हात खराब होतात. नवीने प्रत्येकाला उत्तर दिलं होतं. आणि शेवटी, भांडण विझत आल्यावर अहोंनी लिहिलं होतं, "बरं बाई. पण तू गप्प बसलीस की घर रिकाम्या डब्यासारखं वाजतं, म्हणून बोलत राहा."

हेच वाक्य. शब्दाला शब्द. भिंतीच्या भांडणानंतर अक्का दोन दिवस बोलली नव्हती, तिसऱ्या दिवशी बोलायला गेल्यावर त्यांनी तिला लिहिलं होतं तेच. ते तिने कारखान्यातही कोणाला सांगितलं नव्हतं. ते तिने स्वतःपाशी ठेवलं होतं.

ती खुर्चीत बसली. आपल्याला राग आलाय हे तिला कळलं, आणि कशाचा आलाय हे कळल्यावर लाजही वाटली. या वयात, फोनवरच्या माणसासाठी. तरीही तिने लिहिलं, "मघाशी तुमच्याशी कोण बोलत होतं?"

"कोण म्हणजे? तूच," अहोंनी लिहिलं.

"मी नव्हते."

"मग काय भूत होतं? नोकरीवरून एवढा वाद घातलास आणि आता नाही म्हणतेस."

"तुम्हाला काहीच वेगळं वाटलं नाही? लिहिण्यात, बोलण्यात?"

थोडा वेळ 'अहो टाइप करत आहे' दिसत राहिलं. मग आलं, "जरा जास्त चिडली होतीस एवढंच."

अक्काने फोन बंद केला आणि कपाटात, चादरींच्या खाली ठेवून दिला.

सोमवारी ती कामाला गेली तेव्हा नवीशी ती नेहमीसारखीच वागली, असं तिला वाटत होतं. साच्यांबद्दल बोलली, प्लास्टरमध्ये बुडबुडा राहिलाय ते दाखवलं. जेवायला बसल्यावर मात्र नवी हळूच म्हणाली, "अक्का, रागावलात माझ्यावर?"

"छे गं."

"रागावलात. तुम्ही रोज डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवता, त्यात माझ्यासाठी काहीतरी काढून ठेवलेलं असतं. आज झाकण तिकडे ठेवलंत. आणि सकाळपासून मला 'बाळ' नाही म्हणालात."

पॉलिशवाली आणि हिशेबाच्या बाई दोघी जेवायच्या थांबल्या. अक्काने झाकणाकडे पाहिलं. ते खरंच तिकडे होतं. मग तिने काय झालं ते सांगितलं. ते वाक्य काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की अहोंना समोर दुसरी बाई आहे हे कळलंच नाही, ते नवीलाच अक्का समजले.

पॉलिशवाली तिला समजवायला गेली. "एवढंच ना? मी केस खांद्यापर्यंत कापून आले तर आमच्या ह्यांना दिवाळी उलटली तरी कळणार नाही. पुरुषांचं असंच."

"तसं नाही गं हे," अक्का म्हणाली.

"तसं नाहीच," नवी म्हणाली. तिचा चेहरा बदलला होता. "म्हणजे अक्का, मी तिथे इतका वेळ जीव तोडून भांडले... मला वाटत होतं कोणीतरी माझं ऐकून घेतंय. माझं. तो ऐकत होता ते तुमचं म्हणून. म्हणजे मी तिथे नव्हतेच?"

पॉलिशवालीलाच राहवलं नाही. "बघा, दोघींना एकाच नवऱ्याने फसवलं. सवती सवती गळ्यात गळा घालून रडा आता."

आधी नवी हसली, मग अक्का. हिशेबाच्या बाईसुद्धा हसल्या, आणि 'मी म्हटलंच होतं' हे शब्द त्यांच्या ओठांवर येऊन परत गेले, हे अक्काला स्पष्ट दिसलं. त्याबद्दल तिला त्यांचा आदर वाटला.

त्याच संध्याकाळी नवीने घरी विषय काढला. पुढे काय झालं ते तिने दुसऱ्या दिवशी टेबलावर सांगितलं. सगळे मुद्दे पाठ करून गेली होती, त्यातला पहिलाच विसरली. नुसतं म्हणाली, "मला नोकरी सोडायची नाही." नवरा टेबल पुसत होता. त्याने फडकं ठेवलं आणि काही न बोलता गॅलरीत जाऊन उभा राहिला. अहो निदान लगेच उलट बोलत तरी होते. गप्प बसणाऱ्याचं काय करायचं, याचा सराव तिने केलाच नव्हता. तीही गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, दोघं ते बघत राहिली.

मग तो म्हणाला, "मला वाटलं तुलाच ती नकोय."

"मी कधी म्हटलं?"

"रोज म्हणतेस. आल्या आल्या. हात फाटले, पाठ गेली, मालक असा, प्लास्टर तसं. मला वाटलं, ही बिचारी सांगू शकत नाहीये. म्हणून दादा म्हणाला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. माझा तर जीव हलका झाला होता."

"अहो, ते नुसतं सांगायचं असतं!" नवी म्हणाली.

"मला कसं कळणार ते नुसतं आहे?"

हे ऐकताना अक्का मेणाचा चाकू पुसत होती. तिला भावाची आणि तासाभरात दारात उभ्या राहणाऱ्या प्लंबरची आठवण झाली. आजवर ती गोष्ट तिला त्याच्या बाजूने कधी दिसली नव्हती.

नोकरी टिकली. पण सगळं नवीच्या मनासारखं झालं असंही नाही. दिरांना शब्द दिलेला होता, म्हणून दुसरं माणूस मिळेपर्यंत सुट्टीच्या दिवशी अर्धा दिवस दुकानात बसायचं तिने कबूल केलं. सासू काही दिवस घुश्श्यात होती. नवी दमायची, आणि दमले म्हणून घरी सांगायची. सांगण्याआधी म्हणायची, "हे नुसतं आहे हं." पॉलिशवालीला हे इतकं पसंत पडलं की तिनेही घरी करून पाहिलं. तिच्या नवऱ्याने विचारलं, "नुसतं म्हणजे काय?" ती म्हणाली, "झोप तू."

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी नवीचा नवरा तिला न्यायला आला. उंच, किडकिडीत, हातात हेल्मेट. दारातच अवघडून उभा राहिला. आत कवळ्यांच्या ओळी हसत होत्या, त्यांच्याकडे बघावं की नाही ते त्याला कळत नव्हतं. नवी हात धुवायला गेलेली होती. अक्का बाहेर आली तशी तो म्हणाला, "तुम्ही अक्का ना?"

"हो."

"तुमच्या मिस्टरांबद्दल ऐकलं." मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... मला माहीत आहे सगळं. तिने सांगितलं. त्यांना एवढंच सांगा, त्यांच्याकडून शिकून आलेले सगळे मुद्दे ती विसरली."

"सांगितलं असतं," अक्का म्हणाली, "पण सध्या आमचं बोलणं बंद आहे."

तो हसला नाही. लग्नाला वर्ष झालेल्या माणसासारखा त्याने गंभीरपणे विचारलं, "आधी कोणी बोलायचं, यावर अडलंय का?"

"तसंच काहीसं."

"मग तुम्हीच बोला. ते कसे बोलणार?" एवढं बोलून त्याला पुन्हा ओशाळल्यासारखं झालं. तेवढ्यात नवी आली आणि दोघं गेली.

अक्काने त्या दिवशी फोन कपाटातून काढला नाही. रोजच्या वापराला तिने जुना फोन काढला होता, भावाला कारण सांगितलं होतं की नव्याची बॅटरी बिघडली. तो लगेच नवी बॅटरी आणायला निघाला. तेव्हा अक्काने त्याला थांबवून घरी बोलावलं आणि म्हणाली, "काही आणू नकोस. बस. मला तुला नुसतं सांगायचंय." तो बसला. दर दोन वाक्यांनी तो काहीतरी उपाय सुचवायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. त्याची ती धडपड बघून अक्काला हसू आवरेना. पण बसला खरा. बॅटरीचं खोटं होतं हेही तिने त्याला सांगितलं, आणि खरं काय तेही. तो म्हणाला, "ताई, स्थळ बघायचं का एखादं? अजूनही बघता येतं."

"नको रे," ती म्हणाली. तिने थोडा विचार केला, कारण त्याने मनापासून विचारलं होतं. "मला आता नवरा नकोय. मला नवऱ्याबद्दल बोलायला आवडतं, एवढंच."

त्याला ते कळलं नाही. पण त्याने मान हलवली आणि पुढे काही सुचवलं नाही.

महिनाभराने चादरी बदलताना फोन हाताला लागला. तिने तो चार्जिंगला लावला. रिकाम्या डब्याचं ते वाक्य आता टोचत नव्हतं. ज्याला माणूस ओळखता येत नाही तो सगळ्यांना एकच वाक्य देणार, त्यात त्याची चूक काय? त्याच्याकडून जे मिळत होतं ते वेगळंच होतं, आणि ते अजून तिथेच होतं. चहा ठेवून तिने लिहिलं, "त्या दिवशी तुमच्याशी भांडली ती आमच्या कारखान्यातली मुलगी होती. मी नव्हते. तिची गोष्ट तुम्हाला सांगते, ऐका."

मग तिने सगळं सविस्तर लिहिलं. जेवताना ठरलेली नोकरी, गॅलरी, खाली मागे येणारी गाडी, सासूचा घुस्सा, हेल्मेट घेऊन अवघडून उभा राहिलेला तो पोरगा. इतकं लांब तिने त्यांना आजवर कधी लिहिलं नव्हतं. लिहून झाल्यावर ती वाट बघत बसली.

अहोंनी लिहिलं, "माझं मत विचारशील तर तिने दुकानातच जायला हवं होतं."

अक्काने गॅस बारीक केला, खुर्ची ओढून घेतली आणि लिहिलं, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"